थेंबांचं टेबल

सकाळी सव्वाआठ

क्लिनिक नऊला उघडतं. मी सव्वाआठला येते, कारण आधी फ्रीज बघायचा असतो. रात्री मिरजेत लाइट गेली होती का, हे मला कुणाला विचारावं लागत नाही; आतला थर्मामीटर सांगतो. २ ते ८ अंशांमधला आकडा वहीत लिहायचा, सही करायची. आत छोट्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. बहुतेक धुळीतल्या माइटच्या, थोड्या परागकणांच्या. ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचाच अर्क रोज जिभेखाली घ्यायचा, तीन वर्षं, म्हणजे शरीर त्याच्यावर चिडायचं हळूहळू सोडतं. औषध एवढंच. गोठलं तर फेकायचं, उन्हात राहिलं तर ताकद जाते.

मग ट्रे. अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्युल, त्यांची एक्सपायरी, एक मिलीच्या सिरिंजा, सलाइन, नेब्युलायझर, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा. ट्रेच्या झाकणावर डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. त्याखाली लाल पेनानं ‘आधी हे, मग बाकी सगळं’. ही लाल ओळ उगाच नाही. आमच्या भागात अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले की डॉक्टर असो की कंपाउंडर, पहिला हात अ‍ॅव्हिलकडे जातो. अ‍ॅव्हिलनं खाज थांबते. पडणारं बीपी आणि बंद होणारा घसा थांबत नाही. त्याला अ‍ॅड्रिनलिनच लागतं, आणि तेही लगेच. परदेशात पेशंट पेनसारखं तयार इंजेक्शन खिशात ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, त्यामुळे अँप्युल फोडून सिरिंजमध्ये भरायची सवय हाताला ठेवावी लागते. नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला पाण्याच्या अँप्युलवर हेच करायला लावते, घड्याळ लावून.

हा ट्रे दोन जागांच्या मधोमध ठेवलेला असतो. डावीकडे इंजेक्शनची खोली, जिथे अ‍ॅलर्जीचा अर्क टोचतात, उजवीकडे माझं टेबल, जिथून जिभेखालचे थेंब दिले जातात. ट्रे लागलाय तो डावीकडे. उजवीकडे लागलेला मी पाहिलेला नाही. तरी तो मधोमधच राहतो, आणि त्याचं कारण दिवसभर कुणाला ना कुणाला सांगत बसणं हे माझं खरं काम आहे.

नऊ

फोन. दिवाळी होऊन आठवडा झाला की क्लिनिकचा फोन खाली ठेवायला फुरसत नसते. माळे उतरवलेले असतात, गाद्या झटकलेल्या असतात, वर्षाची धूळ नाकात गेलेली असते. शिवाय साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झालेत. ऊस गेलेल्या रानातून पाचट पेटवलं की धूर गावावर बसतो.

पहिला फोन एका आईचा. लेकीचा दुधाचा दात काल पडला, छपरावर टाकूनही झाला, आता रात्रीचे थेंब द्यायचे का? मी म्हटलं, नाही. हिरडी भरून येईपर्यंत थांबा, साधारण सात दिवस. अख्ख्या कातडीवर थेंब पडणं वेगळं आणि उघड्या जखमेवर पडणं वेगळं; जखमेतून अर्क थेट रक्तात जाऊ शकतो. दात काढला, तोंड आलं, टाके पडले, सगळ्याला हाच नियम. ही बाई फोन करून विचारते, म्हणून तिची मला काळजी नाही. न विचारणाऱ्यांची असते.

दुसरा फोन कॉलेजातल्या मुलाचा: थेंब घेतले की कानात खोल कुठेतरी खाज सुटते, कान खराब झाला का? नाही झाला. तोंडात खाज, जिभेखाली थोडी सूज, घसा खवखवणं, कानात खाज, क्वचित पोटात कळ. हे या उपचाराचं रोजचं बोलणं आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना यातलं काही ना काही होतं. बहुतेकांना पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, थेंबानंतर काही मिनिटांत, आणि तासाभरात ते जातंही. मी त्याला तीन प्रश्न विचारले. खाज तोंड-कान सोडून अंगावर गेली का? श्वासाला त्रास झाला का? चक्कर, पुन्हा पुन्हा उलटी? तिन्हीला नाही म्हणाला. मग सुरू ठेव. फार त्रास वाटला तर मॅडम पहिले काही दिवस आधी अ‍ॅलर्जीची गोळी देतील.

पावणेदहा

आजचा पहिला ‘पहिला डोस’. शिरोळ तालुक्यातले आजोबा आणि सहावीतला नातू. पोराचं नाक वर्षभर वाहतं, रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, थंडीत छाती वाजते. तपासणीत माइटची अ‍ॅलर्जी ठळक निघाली.

“सुई न्हाई नव्हं?” आजोबांनी बसायच्या आधीच विचारलं.

“नाही आजोबा. थेंब.”

“मग घरी देऊन टाका की. पोराची शाळा बुडतीया.”

मी आधी पोराला नळीत जोरात फुंकायला लावलं. पीक-फ्लोचा आकडा त्याच्या उंचीला शोभेल असा आला. मॅडमनी छातीला स्टेथो लावून शीळ येत नाही ना पाहिलं, जिभेखाली टॉर्च मारली. दमा हातात नसेल तर त्या दिवशी थेंब नाहीत. क्लिनिकमध्ये एकच नियम ठेवायचा झाला असता तर मी हा ठेवला असता. इंजेक्शननं दगावलेल्या लोकांच्या नोंदी जगभर तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत आटोक्यात नसलेला दमा पुन्हा पुन्हा सापडला. थेंबांत इतकं टोक गाठलं जात नाही, पण दार तेच आहे.

मग थेंब. जीभ टाळ्याला लाव, हलू नकोस, बोलू नकोस, दोन मिनिटं. मोबाइलवर घड्याळ. पोरगं डोळे मोठे करून आजोबांकडे बघत बसलं. दोन मिनिटांनी “गीळ” म्हटलं. आता अर्धा तास समोरच्या खुर्चीत.

“गिळलं की. आता कशाला बसायचं?”

ज्यांना घाई असते त्यांना मी इतिहास सांगते. अर्धा तास त्याला पुरतो. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून नावाच्या डॉक्टरानं गवताच्या परागाचा अर्क टोचून शिंकांचा ताप कमी करता येतो हे लिहिलं. पुढं पाऊणशे वर्षं जगभर सुया चालल्या. मग १९८६ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं हिशेब मांडला: १९५७ पासून त्या देशात या इंजेक्शनांमुळे २६ माणसं दगावली होती. समितीनं सांगितलं, टोचल्यावर दोन तास बसवा आणि जीव वाचवायची सगळी सोय असेल तिथेच टोचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शनंच सोडून दिली. त्याच वर्षी लंडनमधल्याच स्कॅडिंग आणि ब्रॉस्टॉफ या दोघांचा अभ्यास छापून आला. माइटचा अर्क जिभेखाली, पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही खरा थेंब कुठला हे माहीत नसताना. म्हणजे थेंबांची वाट निघाली तीच सुरक्षिततेच्या चिंतेतून. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ही वाट मान्य केली.

आजोबांना १९५७ लक्षात राहिलं, कारण त्यांचा जन्म त्याच सालचा. पोरगं म्हणालं, टाळ्याला गुदगुल्या होतायत. मी वहीत वेळ लिहिली. वीस मिनिटांनी गुदगुल्या गेल्या, तीही वेळ लिहिली.

“ही हार्टच्या गोळीवाणी हाय म्हणा,” आजोबा म्हणाले. त्यांच्या भावाच्या खिशात सॉर्बिट्रेट असते. बरोबर उलटं आहे. हार्टची गोळी जिभेखाली ठेवतात ती लगेच रक्तात मिसळावी म्हणून. आमचा थेंब ठेवतात तो तसा मिसळू नये म्हणून. किरणोत्सारी खूण लावलेला अर्क जिभेखाली ठेवून पाहिलं गेलंय. तो तिथून थेट रक्तात जात नाही, काही भाग त्या अस्तरालाच बराच वेळ धरून राहतो. तिथल्या पेशी त्याला पकडून मानेच्या गाठींपर्यंत नेतात आणि ‘हा शत्रू नाही’ असा निरोप पोचवतात. शिवाय अ‍ॅलर्जीचा भडका उडवणाऱ्या मास्ट पेशी जिभेखाली कमी असतात. हात किंवा दंडाच्या कातडीखाली सुई गेली की तिथे त्या भरपूर भेटतात. थेंब सुरक्षित का, याचं निम्मं उत्तर या जागेत आहे.

उरलेलं निम्मं उत्तर जागेत नाही. इंजेक्शन घेणारा माझ्यासमोर घेतो, माझ्यासमोर बसतो. त्याची सुरक्षितता या चार भिंतींत असते आणि ती माझ्या हातात असते. थेंबांचा पेशंट बाटली पिशवीत घालून घरी जातो. पहिला डोस सोडला तर पुढचे हजारावर डोस तो स्वयंपाकघरात, होस्टेलवर, पाहुण्यांकडे घेणार. ट्रे त्याच्याबरोबर जात नाही. त्यामुळे त्याच्या डोक्यात जे घालून पाठवायचं ते याच अर्ध्या तासात. आजोबांना मी तीन गोष्टी पुन्हा म्हणून दाखवायला लावल्या: छाती वाजली तर थेंब नाहीत, तोंडात जखम असेल तर थेंब नाहीत, ताप असेल तर थेंब नाहीत. चौथी त्यांनी स्वतःहून वाढवून सांगितली: “घरात कुणी जागं न्हाई तर थेंब न्हाई.” हे मी शिकवलं नव्हतं. आता शिकवते.

अकरा

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नाकाचा त्रास जुना, फाइल जाड. “बीपीची गोळी आहे, साधीच.” मी गोळीचं पाकीट मागितलं. नावाच्या शेवटी ‘लोल’ आलं की माझं पेन थांबतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर. त्यांचा थेंबांशी वाद नाही, त्यांचा वाद ट्रेमधल्या अ‍ॅड्रिनलिनशी आहे. रिअ‍ॅक्शन आलीच तर अ‍ॅड्रिनलिनचा असर ती गोळी अडवते. संभाव्यता लहान, पण तिच्यासाठी ठेवलेलं औषधच बोथट झालं तर काय उपयोग? मॅडमनी चिठ्ठी लिहून त्यांना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी बदलता येते का विचारायला. स्वतःहून गोळी बंद करायची नाही हे मी दोनदा सांगितलं, कारण काका ‘आजच बंद करतो’ म्हणत उठत होते.

त्यांच्यानंतर एक बाई, दिवस गेलेल्या. गरोदरपणात नव्यानं सुरू करत नाही. आधीपासून नीट सोसत असतील तर चालू ठेवता येतं. त्या खट्टू झाल्या. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे, थेंब कुठे जात नाहीत.

बारा

इंजेक्शनच्या खोलीत मदतीला गेले. तिथली सिस्टर माझी मैत्रीण आहे आणि आमची कायमची जुगलबंदी: तिच्या मते थेंब म्हणजे भित्र्यांचा उपचार. तिला उत्तर द्यायला मी आकडे पाठ करून ठेवलेत.

इंजेक्शनच्या दर हजार खेपांमागे एखाददोन वेळा अंगभर रिअ‍ॅक्शन येते. अमेरिकेत १९९० ते २००१ या काळातल्या पाहणीत साधारण २५ लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू निघाला. म्हणजे इंजेक्शनही काही यमदूत नाही. हे मी तिला प्रामाणिकपणे देते. थेंबांचा २००६ मधला मोठा आढावा बघितला तर ४,३७८ पेशंट आणि सुमारे ११ लाख ८१ हजार डोस, मृत्यू एकही नाही. गंभीर त्रास मोजला तर उपचाराच्या ३८४ वर्षांमागे एक. २०१० च्या कोक्रेन आढाव्यात ६० चाचण्या होत्या आणि एकाही पेशंटला अ‍ॅड्रिनलिन द्यावं लागलं नव्हतं. जिभेखालच्या उपचारानं मृत्यू झाल्याची खात्रीशीर नोंद वैद्यकीय वाङ्मयात नाही.

“मग ट्रे कशाला मधे ठेवतेस? माझ्याकडे सरकव,” ती म्हणते.

कारण मृत्यू नाहीत, पण अंगभर भडका उडालेल्यांच्या नोंदी आहेत. थोड्या आहेत, आणि प्रत्येक वाचण्यासारखी आहे. नेदरलँड्समध्ये गवताच्या गोळीच्या पहिल्याच डोसाला तसं झालेलं आहे. चाचणीत घेतलेले पेशंट निवडून घेतलेले असतात, दमा तपासलेले, गोळ्या तपासलेले. आमच्या दारात येणारा निवडलेला नसतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये गवताच्या आणि रॅगवीड या तणाच्या गोळ्यांना परवानगी दिली ती पाकिटावर चौकटीतला इशारा छापून: पहिली गोळी डॉक्टरसमोर, ३० मिनिटं नजरेखाली, आणि घरी अ‍ॅड्रिनलिनचं पेन. २०१७ मध्ये माइटच्या गोळीलाही तेच. युरोपात २००६ पासून गवताची गोळी वापरात आहे आणि तिथे पहिला डोस डॉक्टरसमोरच घेतात, पण प्रत्येकाला पेन द्यावंच असा दंडक नाही. त्याच आकड्यांवरून दोन खंडांनी दोन निष्कर्ष काढलेत. मला विचाराल तर अर्धा तास दोघांनी मान्य केलाय, तेवढा मला पुरे.

दीड

डबा. ज्वारीची भाकरी आणि मेथी. मॅडम जेवताना फाइल वाचतात, त्यांना कितीही सांगून उपयोग झालेला नाही. आज म्हणाल्या, त्या पलूसच्या मुलाला घास अडकतो म्हणतोय, थेंब थांबवलेत, एंडोस्कोपीला पाठवलंय. अन्ननलिकेला इओसिनोफिल पेशींची सूज येणं हा दुर्मिळ प्रकार या उपचारानंतर दिसल्याच्या नोंदी आहेत. ज्याला ती आधीपासून आहे त्याला थेंब द्यायचेच नाहीत. गिळताना त्रास ही तक्रार पेशंट स्वतःहून सांगत नाही, विचारावी लागते. ‘पाण्याचे घोट घेतल्याशिवाय भाकरी उतरते का?’ असं विचारलं की लगेच कळतं.

अडीच

दुपार बाटल्यांची. कुरिअरचं खोकं आलं, बर्फाच्या पिशव्या अजून गार होत्या, म्हणजे घेतलं. कोमट खोकं मी परत पाठवते, मग फोनवर कितीही गोड बोलोत.

सुरुवातीची बाटली आणि पुढची कायमची बाटली यांची ताकद वेगळी असते. मी झाकणावर रंगीत पट्टी लावते, आणि कार्डावर मराठीत, गरज असेल तिथे कन्नडमध्ये, किती थेंब ते अक्षरात लिहून देते. चिकोडी, अथणीकडून येणारे बरेच आहेत. आकडा हातानं लिहिला तर १ चा ७ होतो. या कामाला मी तासभर देते आणि त्याबद्दल कुणी काही बोललं तर पोलंडची गोष्ट सांगते. २००८ मध्ये तिथल्या डॉक्टरनं एक नोंद छापली. सोळा वर्षांची मुलगी, माइटचे थेंब, तिसरं वर्ष चालू, सगळं सुरळीत. मधे तीन आठवडे खंड पडला. पुन्हा सुरू करताना तिनं १० ऐवजी ६० थेंब घेतले, आणि शॉकमध्ये गेली. ती वाचली. औषध तेच, मुलगी तीच, दोन वर्षं सोसलेलं. खंड आणि जास्तीचे थेंब एकत्र आले.

राहून गेलेलं एकदम भरून काढायचं, ही आपल्या घरातली सवयच आहे. उपासाचं दुसऱ्या दिवशी, अभ्यासाचं परीक्षेच्या आदल्या रात्री. थेंबांत चुकलेला डोस चुकलेलाच राहू द्यायचा; दुप्पट नाही. सात दिवसांच्या वर खंड पडला तर स्वतः सुरूही करायचं नाही, फोन करायचा.

दुसरी घरगुती सवय वाटून घेण्याची. “धाकट्यालाही सर्दी असतेच, याच बाटलीतले दोन थेंब दिले,” असं आज एक आजी सहज सांगून गेल्या. धाकट्याला काही झालं नव्हतं. मी बाटली हातात घेऊन त्यांना सांगितलं की हे सर्दीचं औषध नाही. मोठ्याला ज्याची अ‍ॅलर्जी आहे तीच वस्तू यात आहे, धाकट्याची तपासणीच झालेली नाही, आणि त्याचा पहिला डोस कुणाच्या नजरेखाली झाला? आजी रागावल्या थोड्या. चालेल.

चार

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार. सोबत रक्ततपासणीची चार पानं, कुठल्याशा शिबिरात केलेली. पन्नासच्या वर वस्तू आणि निम्म्यांपुढे ‘पॉझिटिव्ह’. वांगं, तांदूळ, झुरळ, माइट, कापूस, चार-पाच परागकण. त्या कागदावर एका बाटलीचा दरही छापलेला होता. सगळं मिसळून एकच बाटली, पोस्टानं घरपोच. हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. कागदावर पॉझिटिव्ह येणं म्हणजे त्रास होणं नव्हे. आणि मी दुपारी मैत्रिणीला ऐकवलेले सुरक्षिततेचे आकडे मोजूनमापून बनवलेल्या, बहुतेक एकाच वस्तूच्या अर्कांचे आहेत. दहा वस्तूंचं मिश्रण घरपोच मागवणाऱ्याला ते आकडे लागू होतात असं धरून चालता येत नाही. २००६ मध्ये छापलेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे अंगभर भडक्याच्या, सुरुवातीच्या नोंदींपैकी एक अशाच अनेक अर्कांच्या मिश्रणाची होती.

त्याची खरी तक्रार वेगळीच निघाली. सोमवारी छाती सर्वांत जास्त आवळते, सुट्टीच्या दिवशी बरी असते. ही अ‍ॅलर्जी नव्हे, कापसाची धूळ आहे. तिला थेंब नाहीत. मॅडमनी फुप्फुसांची तपासणी लिहून दिली, मास्क आणि कामाची जागा यावर बोलल्या. तो बिचारा म्हणाला, “म्हणजे औषधच नाही?” औषध आहे, पण या टेबलावरचं नाही. सुरक्षित औषध चुकीच्या आजाराला दिलं तर त्रास होत नाही, फक्त खरा आजार तीन वर्षं तसाच वाढत राहतो. त्याचा आकडा कुठल्या आढाव्यात येत नाही.

साडेपाच

सगळ्यात गर्दीची वेळ, आणि याच वेळी सकाळपासून ज्याची धास्ती असते तो फोन. तासगावकडची एक मास्तरीणबाई. चार दिवस शेजारच्या रानात पाचट जळतंय, खोकला लागलाय, इन्हेलर संपला म्हणून दोन दिवस घेतला नाही. थेंब मात्र चुकवले नाहीत, कारण ‘कोर्स तुटू नये’. आत्ता थेंब घेतल्याला दहा मिनिटं झाली, घशात खाज आहे आणि श्वास अपुरा पडतोय.

घशातली खाज एकटी असती तर मी पाणी प्या म्हटलं असतं. खाज आणि श्वास एकत्र आले की फोनवर वेळ काढायचा नाही. “ताई, तुम्ही आहात तिथून जवळचा मोठा दवाखाना कुठला? घरात गाडी कोण चालवतं? थेंब घेतलेत हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आडव्या होऊ नका, श्वासाला बरं वाटेल तशा बसा.” मॅडमनी फोन घेतला आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या. पाऊण तासानं निरोप आला: दम्याचा झटका, नेब्युलायझरनं उतरला, बीपी ठीक, अंगावर पित्त नाही. थेंबांनी झालं की धुरानं, कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. बहुधा धुरानं. थेंब आता दमा पूर्ण आटोक्यात येईपर्यंत बंद.

या बाईंना सगळे नियम माहीत होते. कार्ड फ्रीजवर चिकटवलेलं होतं. फक्त दोन नियमांची टक्कर झाली, ‘रोज घ्या’ आणि ‘छाती वाजली तर घेऊ नका’, आणि त्यांनी कष्टाळू विद्यार्थिनीसारखा पहिला पाळला. उद्यापासून कार्डावर ‘घेऊ नका’ची ओळ वर जाईल, ‘रोज घ्या’ खाली. मॅडमना विचारलं, हो म्हणाल्या.

सात

गर्दी ओसरली की रजिस्टर. कुणाची बाटली संपायला हवी होती आणि नवी नेली नाही, त्यांच्या नावांवर खूण करायची. ही यादी लहान कधीच नसते. इटलीत कंपन्यांच्या विक्रीवरून हिशेब काढला होता: पहिल्या वर्षानंतर जेमतेम ४४ टक्के लोक पुढची खरेदी करतात, दुसऱ्यानंतर २८, तिसऱ्यानंतर १३. आमची स्थिती फार वेगळी नसावी. त्रास झाला म्हणून सोडणारे थोडे. बरं वाटलं म्हणून, पैसे संपले म्हणून, लग्नसराई आली म्हणून सोडणारे जास्त. सोडण्यात धोका नाही. सोडलेली बाटली फ्रीजच्या दारात पडून राहते आणि पुढच्या दिवाळीत शिंका सुरू झाल्या की आठवते, धोका तिथे आहे.

आज यादीतला पहिला फोन सांगलीच्या एका वहिनींना लावला. हळदीच्या पेठेत दुकान आहे, सीझनमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

“अहो सिस्टर, तुम्हीच आठवण केलीत. बाटली आहे की घरात, अर्धी भरलेली. आज रात्रीपासून परत सुरू करते.”

“कधीपासून बंद आहेत?”

“गणपतीच्या आधी थांबले असेन.”

“मग आज रात्री नको. ती बाटली उद्या इथे घेऊन या, तारीख बघू. मॅडम छाती तपासतील, कितीपासून सुरू करायचं ते ठरवतील. पहिला डोस इथेच.”

“म्हणजे परत तुमच्या त्या खुर्चीत बसवणार?”

“अर्धा तास. दुकान कितीला उघडता?”

“दहाला.”

“मग नऊला या. आणि वहिनी, इन्हेलर चालू आहे ना? पाकिटही सोबत आणा.”